झेवियर कुगाट : शास्त्रीय व्हायोलिन ते लॅटिन नृत्यसंगीत

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :

१. व्हायोलिनवादक व वाद्यवृंदप्रमुख झेवियर कुगाट यांच्या जीवनाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
२. एका देशाचे संगीत दुसऱ्या देशात लोकप्रिय होताना त्यामागे कोणती सामाजिक, राजकीय व व्यावसायिक कारणे असतात, हे स्पष्ट करता येईल.
३. ‘रुंबा’ या शब्दाच्या अर्थांतराचे उदाहरण देता येईल.
४. कलावंताच्या चरित्रात गौरव आणि मूल्यमापन यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार करता येईल.

४.२ प्रस्तावना

मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. राजकीय नेते, समाजसुधारक आणि संत यांची चरित्रे आपल्या परिचयाची असतात. कलावंताचे चरित्र मात्र वेगळ्या प्रकारची अडचण निर्माण करते. त्याच्या जीवनातील घटना सांगता येतात, परंतु त्याची कला शब्दांत पकडणे कठीण असते. कलावंत लोकप्रिय असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : लोकप्रियता हा गुण मानावा की तडजोडीचा पुरावा?

हा प्रश्न ज्यांच्या बाबतीत आजही विचारला जातो, अशा एका वादकाची निवड आपण या घटकासाठी केली आहे. झेवियर कुगाट यांचा जन्म स्पेनमध्ये झाला, ते वाढले क्युबात आणि त्यांनी कीर्ती मिळवली अमेरिकेत. शास्त्रीय व्हायोलिनवादक होण्याचे स्वप्न पाहिलेला हा माणूस पुढे रुंबाचा राजा म्हणून ओळखला गेला. प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. ‘लॅटिन संगीत’ या संज्ञेचा प्राचीन लॅटिन भाषेशी थेट संबंध नाही. स्पॅनिश व पोर्तुगीज या लॅटिनोद्भव भाषा बोलणाऱ्या अमेरिका खंडातील देशांच्या, विशेषतः क्युबा, मेक्सिको, ब्राझील व अर्जेंटिना यांच्या संगीतासाठी ती वापरली जाते.

४.३ विषय विवेचन

४.३.१ एक नाव, तीन उच्चार

कुगाट यांचा जन्म १ जानेवारी १९०० रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील जिरोना या शहरी झाला. त्यांच्या लांबलचक नावातील ‘झेवियर’ हा शब्द मराठी माणसाला अपरिचित नाही. गोव्यात ज्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यामुळे तो आपल्याकडे रुजला आहे. मूळ बास्क भाषेतील ‘नवे घर’ अशा अर्थाच्या शब्दापासून तो आला. कातालान भाषेत त्याचा उच्चार ‘शाविए’ असा होतो, स्पॅनिशमध्ये ‘हाविएर’ आणि इंग्रजीत ‘झेवियर’. कुगाट यांना आयुष्यात हे तिन्ही उच्चार ऐकावे लागले. प्रत्येक उच्चारामागे एक वेगळा देश, वेगळा श्रोता आणि वेगळी अपेक्षा होती. नावाच्या अर्थातील ‘नवे घर’ही त्यांना पुनःपुन्हा बांधावे लागले.

ते लहान असतानाच कुटुंबाने अटलांटिक ओलांडून क्युबाची राजधानी हवाना गाठली. १८९८ मध्ये क्युबावरील स्पेनची सत्ता संपली होती आणि १९०२ मध्ये तेथे प्रजासत्ताक स्थापन झाले होते. तरीही स्पेनमधून, विशेषतः कातालोनियातून, पोटापाण्यासाठी तेथे जाणाऱ्यांचा ओघ चालूच होता. हवानामध्ये कुगाट यांच्या हाती व्हायोलिन आले. शेजारच्या वाद्य बनवणाऱ्या कारागिराने आपल्याला पहिले छोटे व्हायोलिन भेट दिले, असे ते सांगत. शिक्षण युरोपीय शास्त्रीय पद्धतीचे होते. किशोरवयातच ते हवानातील नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या शहरात हा मुलगा युरोपीय रचनांचा सराव करत होता, त्याच शहराच्या वस्त्यांतून आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोल, गाणी आणि नृत्ये घुमत होती. व्हायोलिनही क्युबात केवळ शास्त्रीय सभागृहात अडकलेले नव्हते. बासरी व व्हायोलिनांच्या साथीने ‘दान्सोन’ हे नृत्यसंगीत वाजवणारे ‘चारांगा’ नावाचे वाद्यमेळ तेथे लोकप्रिय होते. म्हणजे शास्त्रीय वाद्य लोकनृत्याला साथ देऊ शकते, याचे उदाहरण कुगाट यांच्या बालपणीच्या परिसरात होते. त्याचा उपयोग त्यांना पुढे पुष्कळ वर्षांनी झाला.

४.३.२ शास्त्रीय वादकाचे स्वप्न

जुलै १९१५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, कुगाट जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले. उद्देश एकच होता : मैफलीचा एकल व्हायोलिनवादक व्हायचे. विख्यात इटालियन गायक एन्रिको कारुसो यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्यांच्या कार्यक्रमांतून वादनाची संधी मिळाली, असे कुगाट यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. कारुसो हे उत्तम अर्कचित्रकारही होते. व्यक्तीचा चेहरा चार रेषांत पकडण्याचा छंद आपणास त्यांच्याकडून लागला, असे कुगाट मानत.

परंतु काळ अनुकूल नव्हता. ऑक्टोबर १९१७ मध्ये याशा हायफेट्झ या सोळा वर्षांच्या वादकाने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पदार्पण केले आणि व्हायोलिनवादनाचे मापच बदलून टाकले. हायफेट्झ हे कुगाट यांच्यापेक्षा एका वर्षाने लहान. त्या मापाला उतरणे त्या पिढीतील बहुतेक वादकांना शक्य झाले नाही. कुगाट यांनी एकल वादनाचे प्रयत्न केले, पण जम बसला नाही. हात तयार होता, कान तयार होता. मात्र चांगला आणि असामान्य यांमधील अंतर त्यांना पार करता आले नाही. ते अंतर ज्याला स्वतःच कळते, त्याचे दुःख अधिक तीव्र असते. अनेक गुणी वादक अशा क्षणी कडवट होतात किंवा वाद्य खाली ठेवतात. कुगाट यांनी वाद्य ठेवले नाही. त्यांनी श्रोता बदलला.

४.३.३ लॉस एंजेलिस : पेन्सिल आणि टँगो

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुगाट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस येथे आले. उपजीविकेसाठी त्यांनी काही काळ ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकात अर्कचित्रे काढली. चित्रकला त्यांच्या घरातच होती. त्यांचे बंधू फ्रान्सिस कुगाट हे व्यवसायाने चित्रकार. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचे निळ्या रात्रीत तरंगणारे डोळे दाखवणारे मुखपृष्ठ त्यांनीच रंगवले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे मुखपृष्ठ ठाऊक असते. पण चित्रकाराचे नाव आणि त्याचे हे नाते सहसा ठाऊक नसते.

लॉस एंजेलिस म्हणजे हॉलिवूड. १९२१ च्या एका मूकपटात रुडॉल्फ व्हॅलेंटिनो या नटाने केलेल्या टँगो नृत्याने अमेरिकेला वेड लावले होते. अर्जेंटिनातील या नृत्यप्रकाराला साथ करू शकणारे वादक हॉटेलांना हवे होते. कुगाट यांनी छोटा टँगो वाद्यवृंद उभा केला. अँबॅसेडर हॉटेलातील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या प्रसिद्ध दालनात त्यांचे वादन होऊ लागले. १९२८ च्या सुमारास बोलपटाचे तंत्र आले आणि आरंभीच्या लघुबोलपटांतही त्यांचा वाद्यवृंद झळकला. अर्कचित्रकाराची दृष्टी त्यांना येथे उपयोगी पडली. मोजक्या रेषांत ओळख पटवायची, हे त्या कलेचे सूत्र. पुढे संगीतातही त्यांनी तेच केले : अनोळखी संगीताचे दोन-चार ठळक विशेष उचलायचे आणि ते असे मांडायचे की नवख्या श्रोत्यालाही क्षणात ओळख पटावी. या पद्धतीतच त्यांचे बळ होते आणि मर्यादाही होती.

४.३.४ वॉल्डॉर्फ आणि ‘रुंबा’ शब्दाचा प्रवास

एप्रिल १९३० मध्ये डॉन आस्पियासू यांच्या क्युबन वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये ‘एल मानिसेरो’ हे मोइसेस सिमोन्स यांचे गीत सादर केले. शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याच्या आरोळीवर ते आधारलेले होते. त्याच्या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेत क्युबन संगीताची लाट आणली. या लाटेला अमेरिकेत नाव पडले ‘रुंबा’.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. क्युबात ‘रुंबा’ म्हणजे हवाना व मातान्सास येथील गोदी कामगारांच्या व गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतील ढोल, लाकडी पेट्या आणि कंठ यांवर उभे राहिलेले नृत्यगान. ‘एल मानिसेरो’ त्या अर्थाने रुंबा नव्हतेच. अमेरिकेत ज्याला रुंबा म्हटले गेले, ते प्रामुख्याने क्युबाच्या पूर्व भागातून आलेल्या ‘सोन’ या गीतप्रकाराचे सौम्य रूप होते. शब्द सीमा ओलांडून गेला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला. अमेरिकेत तर त्याच्या लेखनात एक जादा ‘ह’ही शिरला. ज्या वस्तूसाठी नाव होते ती मागेच राहिली आणि नाव दुसऱ्याच वस्तूला चिकटले. भाषाविज्ञानात अर्थांतराची अशी उदाहरणे पुष्कळ आढळतात. येथे विशेष असे की, या अर्थांतराचा सर्वांत मोठा लाभार्थी एक व्हायोलिनवादक ठरला.

न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर ऑक्टोबर १९३१ मध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हे भव्य हॉटेल नव्याने सुरू झाले. मंदीचे दिवस होते, पण श्रीमंतांची संध्याकाळ अजून उजळत होती. १९३० च्या दशकात कुगाट यांचा वाद्यवृंद तेथे रुजू झाला. प्रारंभी मुख्य वाद्यवृंदाच्या विश्रांतीत वाजवणारा हा ताफा थोड्याच काळात हॉटेलची ओळख बनला. पुढील दीड दशक कुगाट न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस यांच्यामध्ये ये-जा करत राहिले.

त्यांच्या वाद्यवृंदाची घडण समजून घेण्यासारखी आहे. क्युबन संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’ : दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारा पाच आघातांचा आवर्ती बंध. त्यातील एका अर्ध्यात तीन आणि दुसऱ्यात दोन आघात येतात. आपल्याकडे भजनात टाळ जसा सर्वांना बांधून ठेवतो, तसा हा बंध साऱ्या वाद्यांना सांभाळतो. त्यावर बोंगो, कोंगा, माराकास यांचे गुंतागुंतीचे थर चढतात. हे थर अमेरिकी नर्तकांना गोंधळात टाकतील हे कुगाट यांनी ओळखले. त्यांनी लय ठळक ठेवली, पण गुंता कमी केला. वर व्हायोलिनांचा रेशमी स्वर आणि मारिंबाचा गोल, लाकडी नाद यांचा पदर पसरला. गायिका, नर्तक, झगझगीत वेशभूषा यांची जोड दिली. अमेरिकी श्रोता हे संगीत कानापेक्षा डोळ्यांनी अधिक ग्रहण करतो, अशी त्यांची स्पष्ट धारणा होती. हाती व्हायोलिनचा गज आणि काखेत इवलासा चिवावा कुत्रा अशा थाटात वाद्यवृंदासमोर उभे राहणारे कुगाट ही त्या काळातील एक परिचित प्रतिमा झाली.

४.३.५ रेडिओ आणि १९४१ चे वर्ष

१ डिसेंबर १९३४ रोजी एनबीसी या प्रसारण संस्थेवर ‘लेट्स डान्स’ हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. बिस्किटे बनवणाऱ्या एका कंपनीने तो पुरस्कृत केला होता. त्यात तीन वाद्यवृंद आळीपाळीने वाजवत : केल मरे यांचा सौम्य, बेनी गुडमन यांचा स्विंग आणि कुगाट यांचा लॅटिन. कार्यक्रम काही महिनेच चालला, तरी दूरच्या खेड्यातील घरांतही या संगीताचा ठेका पोहोचला. हॉटेलच्या दालनात मोजके धनिक नाचत होते, रेडिओने सामान्य माणसाच्या बैठकीच्या खोलीत नृत्य नेले.

कुगाट यांच्या यशाला आणखी दोन गोष्टींनी हात दिला. पहिली राजकीय होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ पासून दक्षिणेकडील देशांशी ‘चांगल्या शेजाऱ्याचे’ धोरण स्वीकारले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते देश जर्मनीकडे झुकू नयेत म्हणून १९४० मध्ये नेल्सन रॉकफेलर यांच्या नेतृत्वाखाली शासनाने स्वतंत्र कार्यालयच स्थापन केले. चित्रपट, रेडिओ व संगीत ही मैत्रीची साधने ठरली.

दुसरी गोष्ट शुद्ध व्यावसायिक होती आणि ती अधिक रंजक आहे. अमेरिकेतील बहुसंख्य नामवंत गीतकार-संगीतकारांचे हक्क ‘अ‍ॅस्कॅप’ या संघटनेकडे होते. तिने रेडिओकडून मिळणाऱ्या मोबदल्यात मोठी वाढ मागितली. प्रसारकांनी नकार दिला आणि ‘बीएमआय’ ही पर्यायी संस्था उभी केली. १ जानेवारी १९४१ पासून मोठ्या रेडिओ जाळ्यांवरून अ‍ॅस्कॅपची गाणी बंद झाली. सुमारे दहा महिने ही कोंडी टिकली. हक्काबाहेरची जुनी गाणी पुनःपुन्हा वाजू लागली आणि लोक कंटाळले. मेक्सिको व क्युबामधील पुष्कळ रचना मात्र अ‍ॅस्कॅपच्या कक्षेबाहेर होत्या. कुगाट यांच्या संग्रहात अशा रचनांचा साठाच होता. इतर वाद्यवृंद गाणी शोधत असताना त्यांच्याकडे गाण्यांची कमतरता नव्हती. मेक्सिकन संगीतकार आल्बर्तो दोमिंगेस यांचे ‘पर्फीदिया’ याच काळात घराघरांत पोहोचले. ब्राझीलच्या आरी बारोसो यांच्या गीतावरील ‘ब्राझील’ ही कुगाट यांची ध्वनिमुद्रिका १९४३ मध्ये लोकप्रियतेच्या यादीत अगदी वरच्या स्थानी पोहोचली. कलावंताच्या यशात गुणांचा वाटा असतो, तसाच करारातील एखाद्या कलमाचाही असू शकतो, हे चरित्रकाराने विसरू नये.

४.३.६ रुपेरी पडद्यावर

१९४२ मधील ‘यू वेअर नेव्हर लव्हलिअर’ या चित्रपटात फ्रेड अस्टेअर व रिटा हेवर्थ यांच्यासह कुगाट दिसले. कथा ब्वेनोस आयरेसमध्ये घडते. त्यानंतर जलतरणपटू अभिनेत्री एस्थर विल्यम्स यांच्या ‘बेदिंग ब्यूटी’ (१९४४) व ‘नेपच्यून्स डॉटर’ (१९४९) यांसह अनेक रंगीत चित्रपटांत त्यांनी काम केले. ‘अ डेट विथ ज्यूडी’ (१९४८) मध्ये त्यांच्यासोबत ब्राझीलची लाडकी गायिका कार्मेन मिरांडा होती. बहुतेक चित्रपटांत ते स्वतःचीच भूमिका करत. वेगळी व्यक्तिरेखा साकारण्याची गरजच नव्हती, कारण पडद्याबाहेरही ते एका भूमिकेतच वावरत होते. १९४८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, त्याच्या शीर्षकातही रुंबा होताच.

४.३.७ ताल कोणाचा, टाळ्या कोणाला?

आता आपण या चरित्रातील सर्वांत अवघड भागाकडे येतो. कुगाट जे संगीत वाजवत होते, त्याची निर्मिती प्रामुख्याने क्युबातील आफ्रिकी वंशाच्या, गुलामगिरीचा वारसा सोसलेल्या समाजाने केली होती. अमेरिकेत त्या काळी वर्णभेद उघडपणे पाळला जाई. अनेक आलिशान हॉटेलांचे दरवाजे कृष्णवर्णीय पाहुण्यांना बंद होते आणि तेथील व्यासपीठावरही गौरवर्णीय चेहराच अपेक्षित असे. युरोपात जन्मलेल्या, शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या, गोऱ्या कुगाट यांना ती जागा सहज मिळाली. ती जागा त्या संगीताच्या जन्मदात्यांना मिळाली असती का, याचे उत्तर त्या काळाचा विचार करता नकारार्थीच द्यावे लागते.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वेगळे काही घडत होते. १९४० मध्ये माचितो या गायकाने ‘अ‍ॅफ्रो-क्युबन्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला. मारियो बाउसा हे त्याचे संगीत-दिग्दर्शक होते. आपला आफ्रिकी वारसा त्यांनी नावातच अभिमानाने मिरवला. क्युबन तालाचा गुंता कमी न करता त्यांनी तो जॅझशी जोडला. आजचे अभ्यासक लॅटिन संगीताच्या विकासात या प्रवाहाला मानाचे स्थान देतात आणि कुगाट यांच्या संगीताला गोड, पण पातळ मानतात.

हा आक्षेप खरा आहे, पण पुरा नाही. कुगाट यांनी ज्यांना संधी दिली त्यांची यादीही पाहिली पाहिजे. क्युबाचे थोर गायक मिगेलितो वाल्देस १९४० मध्ये त्यांच्याकडे आले. त्यांच्या आवाजातील ‘बाबालू’ या गीतात आफ्रिकी देवतेची आळवणी आहे. ते गीत कुगाट यांच्या वाद्यवृंदासह अमेरिकी श्रोत्यांपर्यंत गेले. पुढे मांबो युगाचे नायक ठरलेले प्वेर्तो रिकोचे तितो रोद्रिगेस तरुणपणी त्यांच्याकडे गात होते. क्युबातून परागंदा झालेल्या कुटुंबातील देसी आर्नास या युवकाला त्यांनी वाद्यवृंदात घेतले. आर्नास पुढे स्वतंत्र झाले आणि १९५१ पासून ‘आय लव्ह लूसी’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे घरोघरी पोहोचले. बिंग क्रॉसबी व फ्रँक सिनात्रा या अमेरिकी गायकांनीही कुगाट यांच्या साथीने गीते ध्वनिमुद्रित केली. म्हणजे हा वाद्यवृंद एक उंबरठा होता. आत येणाऱ्यांना त्याने सजवले, काही अंशी बदललेही. पण उंबरठा ओलांडून पुढे गेलेल्यांनी स्वतःच्या वाटा घडवल्या.

कुगाट स्वतः याविषयी संकोच बाळगत नसत. उपाशी राहून बाख वाजवण्यापेक्षा लोकांना हवे ते वाजवून सुखाने राहणे आपण पसंत केले, अशा आशयाचे ते हसत हसत बोलत. या हसण्यात आत्मसंतोष किती आणि कार्नेगी हॉलच्या दिशेने टाकलेला शेवटचा कटाक्ष किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

४.३.८ उत्तरायुष्य

१९५० च्या दशकात पेरेस प्रादो यांच्या मांबोने आणि एन्रिके होरीन यांच्या चा-चा-चाने नृत्यगृहे भारली. होरीन हेही क्युबाचे व्हायोलिनवादकच होते, ही नोंद घेण्यासारखी आहे. ज्या चारांगा परंपरेतून ते आले, तिचा उल्लेख आपण वर केला आहे. कुगाट यांनी नव्या लयी तत्परतेने आत्मसात केल्या. तथापि रॉक अँड रोलच्या आगमनानंतर मोठ्या वाद्यवृंदांचा काळच सरला. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबा व अमेरिका यांचे संबंध तुटले आणि ज्या झऱ्यावर हे संगीत जगत होते तोही अमेरिकेपासून दुरावला.

कुगाट यांचे वैवाहिक जीवन स्थिर नव्हते. कार्मेन कास्तियो, लॉरेन अ‍ॅलन, गायिका अ‍ॅबी लेन यांच्याशी झालेले विवाह टिकले नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी स्पेनची तरुण गिटारवादक-गायिका चारो हिच्याशी लास व्हेगास येथे विवाह केला. तोही पुढे संपुष्टात आला. वृत्तपत्रांनी या घटनांना जितकी जागा दिली, तितकी देण्याचे आपल्याला कारण नाही. गायिकेची पारख त्यांना होती, एवढे मात्र यातून दिसते.

१९७१ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाद्यवृंदाचे जीवन थांबले. त्यानंतर ते मायभूमी कातालोनियात परतले. बार्सिलोनातील एका जुन्या नामांकित हॉटेलात त्यांचे वास्तव्य होते. आयुष्यभर हॉटेलांत वाजवलेल्या माणसाने अखेरचे घरही हॉटेलातच केले. २७ ऑक्टोबर १९९० रोजी बार्सिलोना येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि जन्मगावी जिरोना येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांचा ‘डेज ऑफ बीइंग वाइल्ड’ प्रदर्शित झाला. त्यात कुगाट यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वापरल्या आहेत. एका पिढीचे नृत्यसंगीत दुसऱ्या पिढीसाठी, दुसऱ्या खंडात, विरहाचे आणि स्मरणाचे संगीत झाले.

४.४ मुंबईपर्यंत आलेली लाट

हॉलिवूडचे चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांच्याद्वारे लॅटिन ठेके मुंबईतही पोहोचले. पुणतांब्याचे सुपुत्र सी. रामचंद्र यांच्या ‘समाधी’ (१९५०) या चित्रपटातील ‘गोरे गोरे’ या गीताची चाल कार्मेन मिरांडा यांनी गायिलेल्या एका गाण्यावर बेतलेली आहे. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील ‘शोला जो भडके’ या गीतात तर बोंगो आणि माराकास यांचा थाट स्पष्ट ऐकू येतो. या घडणीत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. युरोपीय वादनाचे शिक्षण, रात्री हॉटेलात नृत्यसंगीत, दिवसा चित्रपटांसाठी ध्वनिमुद्रण, हा त्यांचा जीवनक्रम कुगाट यांच्या जीवनक्रमाशी समांतर होता. फरक इतकाच की, कुगाट यांचे नाव फलकावर झळकले आणि या वादकांपैकी बहुतेकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही आली नाहीत.

४.५ समारोप

कुगाट थोर व्हायोलिनवादक होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी नवा संगीतप्रकार निर्माण केला असेही नाही. त्यांचे कार्य अनुवादकाचे होते. अनुवादक मूळ कृतीतील काही गमावतो, वाचकाच्या सोयीसाठी काही सुलभ करतो आणि मूळ लेखकाच्या आधी त्याचे नाव वाचकाच्या ओठी येण्याचा धोका असतो. पण अनुवाद नसता, तर पुष्कळांना मूळ कृती अस्तित्वात आहे हेही कळले नसते. अनुवादकाचे ऋण मान्य करणे आणि मूळ निर्मात्याचे नाव विसरू न देणे, ही दोन्ही कर्तव्ये वाचकाची असतात. कुगाट यांची ध्वनिमुद्रिका ऐकताना व्हायोलिनांच्या स्वराखाली दोन लाकडी दांडक्यांचे ते पाच आघात ऐकू येतात का, ते पाहावे. ते ज्याला ऐकू आले, त्याला हे चरित्र समजले.

४.६ शब्दार्थ

अर्कचित्र : व्यक्तीची वैशिष्ट्ये ठळक करून काढलेले चित्र
गज : व्हायोलिन, सारंगी इत्यादी वाद्ये वाजवण्याची केसांची कमान
मारिंबा : लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य
माराकास : आत बिया असलेले, हलवून वाजवायचे खुळखुळे
अर्थांतर : शब्दाचा मूळ अर्थ बदलून त्याला दुसरा अर्थ प्राप्त होणे

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कुगाट यांचा जन्म कोठे झाला?
२. ‘एल मानिसेरो’ हे गीत कशावर आधारलेले आहे?
३. क्लावेच्या आवर्तनात किती आघात असतात?

आ) सुमारे २०० शब्दांत उत्तरे लिहा.
१. १९४१ मधील रेडिओ व अ‍ॅस्कॅप यांच्यातील वादाचा लॅटिन संगीताला कसा लाभ झाला?
२. ‘रुंबा’ या शब्दाच्या अर्थांतराची प्रक्रिया स्पष्ट करा.
३. कुगाट यांच्यावरील आक्षेप आणि त्यांचे योगदान यांची चर्चा करा.

इ) उपक्रम : आपल्या परिसरातील बँडपथक, तमाशा, भजनी मंडळ किंवा वाद्यवृंद यांत आयुष्य घालवलेल्या एखाद्या वादकाची भेट घ्या. त्याच्या वाटचालीतील तीन वळणे निवडा आणि त्यावर सुमारे ५०० शब्दांचा चरित्रात्मक लेख लिहा.